धडधडीचा ईसीजी धडधड चालू असतानाच काढायचा

एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३४, सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका. तीन वर्षांपासून अधूनमधून, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, अचानक छातीत धडधड सुरू होते. हातातलं घड्याळ १७०-१८० दाखवतं. कधी वीस मिनिटं, कधी तासभर चालते आणि आपोआप थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून अल्प्राझोलामची गोळी मिळाली, आणि आता घरचेही मनाचे खेळ म्हणतात. हा हार्ट अटॅकचा इशारा आहे का, आता कोणती तपासणी करावी, आणि दुसऱ्या बाळाचा विचार आहे तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. शिवाय ७० वर्षांच्या, बीपी असलेल्या सासूबाईंनाही धडधडतं, नाडी ‘कशीही’ लागते; त्यांनाही हाच आजार असेल का?

ताई, मला आलेला संशय आधी सांगतो, कारणं मागून. तुमचं वर्णन एसव्हीटी नावाच्या आजाराशी जुळतंय. हा हृदयाच्या वरच्या भागातून होणाऱ्या अचानक जलद ठोक्यांचा आजार आहे. तो खरा आजार आहे, मनाचा खेळ नाही. हार्ट अटॅकशी त्याचा संबंध नाही: अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत अडथळा, तर इथे बिघाड ठोक्यांची विद्युत लहर ज्या वाटेने जाते त्या वाटेत असतो. निरोगी हृदयात तो सहसा जीवघेणा नसतो आणि बहुतेकांमध्ये कायमचा बरा करता येतो. पण मी फक्त वाचून बोलतोय. खात्री करायला एकच गोष्ट हवी: धडधड चालू असतानाचा बारा लीडचा, म्हणजे हातापायांना आणि छातीला तारा लावून बारा बाजूंनी काढलेला, ईसीजी. तुमच्या फाइलमध्ये बाकी सगळं आहे, नेमका तोच कागद नाही.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण असं, की धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं समजून कित्येक बायका वर्षानुवर्षं घाबरटपणाचा शिक्का घेऊन फिरतात. एसव्हीटीच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात मधल्या काळातला ईसीजी आणि इको दोन्ही अगदी निर्दोष असतात. ते तसेच असायला हवेत. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसव्हीटी सिद्ध झालेले १०७ रुग्ण तपासले होते. त्यातल्या ६७ टक्के लोकांची लक्षणं पॅनिक डिसऑर्डरच्या, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येणाऱ्या मानसिक आजाराच्या, व्याख्येत चपखल बसत होती, आणि निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. आजार मनावर ढकलला जाण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त होतं. बसल्या जागी हृदय १८० ने पळू लागलं तर कोणीही घाबरेल, हात थरथरतील, घाम फुटेल. भीती धडधडीमागून आलेली असते, आणि डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत रुग्णाच्या चेहऱ्यावर तेवढीच उरलेली असते.

माझ्याकडे असा रुग्ण आला की मी यंत्राआधी दोन गोष्टी करतो. पहिली, टेबलावर बोटाने ठोके वाजवून दाखवायला सांगतो. बहुतेकांना ठोका शब्दांत सांगता येत नाही, पण वाजवता येतो. टकटकटकटक असं सरळ, एकसारखं, झपाट्याने वाजवलं तर विचार एका दिशेने जातो; टक-टक, थोडी उसंत आणि मग जोरात टक् असं वाजवलं तर दुसऱ्या; आणि बोटं कशीही पडत राहिली, दोन टकटकींमधलं अंतर कधीच सारखं आलं नाही, तर तिसऱ्या. हे तिन्ही प्रकार पुढे येतीलच. दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवात आणि शेवट विचारतो. ‘कधी सुरू झालं ते कळलं का?’ एसव्हीटीचा रुग्ण नेमका क्षण सांगतो: खाली वाकून पिशवी उचलली आणि सुरू झालं, फळ्यावर लिहिता लिहिता सुरू झालं, थांबलं तेही खटकन. काळजीने किंवा तापाने वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. खुर्चीत बसलेल्या माणसाचा ठोका एका क्षणात ८० वरून १७८ वर जाणं हे नुसत्या काळजीचं काम नाही.

आणखी दोन खुणा तुम्ही लिहिलेल्या नाहीत, त्या आठवून पाहा. धडधड चालू असताना गळ्याशी काही फडफडतं का? काहींना आरशात मानेच्या शिरा उडताना दिसतात, शर्टाची कॉलर हलताना दिसते. यात हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावतात, मधली झडप बंद असते आणि रक्त मागे मानेकडे उसळतं. दुसरं, धडधड थांबल्यावर अर्ध्या-एक तासात भरपूर, पाण्यासारखी लघवी होते का? ताणल्या गेलेल्या वरच्या कप्प्यांतून एक संप्रेरक सुटतं, त्याचा हा परिणाम. लाजेने किंवा क्षुल्लक वाटून रुग्ण ही गोष्ट सांगत नाहीत, आणि मला ती अर्ध्या निदानाइतकी मोलाची वाटते.

आत नेमकं काय होतं? वरच्या कप्प्यांतून खाली लहर जाते ती मधल्या एव्ही नोड नावाच्या गाठीतून. काही लोकांमध्ये जन्मतः या गाठीत दोन वाटा असतात, एक वेगवान आणि एक संथ. तुम्ही साताऱ्याच्या आहात, म्हणून खंबाटकीच्या जुन्या रस्त्याचं उदाहरण देतो: अनेक वर्षं पुण्याकडून येताना वळणांचा घाट होता, पुण्याकडे जाताना बोगदा. एखादी गाडी घाटाने चढून बोगद्याने परत मागे वळली आणि पुन्हा घाटाला लागली तर ती तिथेच फिरत राहील. तसाच एखादा अवेळी आलेला ठोका संथ वाटेने उतरतो, वेगवान वाटेने वर परततो आणि गोल गोल फिरू लागतो. प्रत्येक फेरीला हृदयाचा एक ठोका पडतो. हा प्रकार बायकांमध्ये अधिक दिसतो. दुसऱ्या प्रकारात जास्तीची वाट गाठीबाहेर, स्नायूची एक बारीक पट्टी म्हणून असते. त्यातल्या काहींच्या साध्या ईसीजीतही डेल्टा वेव्ह नावाची छोटी चढण दिसते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० साली हे वर्णन केलं. ही चढण कधी कधी इतकी हलकी असते की यंत्राने छापलेल्या ‘नॉर्मल’ या शब्दाखाली ती दडून जाते. म्हणून मी नेहमी मूळ पट्टी मागतो, नुसता रिपोर्ट नाही. आणि एक विनंती: ईसीजीचा कागद थर्मल असतो, काही वर्षांत अक्षरं उडतात. आजच सगळ्या पट्ट्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता करायचं काय. पुढच्या वेळी धडधड सुरू झाली की मोठ्या हॉस्पिटलकडे निघू नका. जिथे ईसीजीचं यंत्र आहे अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी जा, मग ते ग्रामीण रुग्णालय असो, प्राथमिक आरोग्य केंद्र असो की गावातल्या एमडी डॉक्टरांचा दवाखाना. साताऱ्याला पोचायला तास लागत असेल तर तिथे पुन्हा नॉर्मलच पट्टी मिळेल. शाळेपासून आणि घरापासून जवळ कुठे ईसीजी निघतो हे आधीच विचारून ठेवा आणि तिथल्या डॉक्टरांना आगाऊ भेटून सांगा: मी आले की केसपेपरच्या आधी ईसीजी काढा. पर्समध्ये तशी चिठ्ठीच ठेवा. बहुतेक डॉक्टर हे आनंदाने करतात, कारण त्यांनाही निदान हवंच असतं.

अशा वेळी धडधड थांबवायचा एक उपाय आहे, पण पट्टी हातात येईपर्यंत, आणि तुम्ही शुद्धीवर, बोलत्या-चालत्या असाल तोवर, तो राखून ठेवावा असं माझं मत आहे. एकदा निदान झालं की मात्र धडधड सुरू होताच घरी करायचा. दहा मिलीची रिकामी सिरिंज घ्या, अर्धवट बसून तिच्या तोंडातून दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंका, आणि लगेच आडवं होऊन कोणाला तरी दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत १५ सेकंद उचलून धरायला सांगा. इंग्लंडमधल्या ४२८ रुग्णांवरच्या अभ्यासात (२०१५) नुसतं फुंकल्याने १७ टक्के लोकांची धडधड थांबली, तर असं पाय उचलल्याने ४३ टक्के लोकांची. फुकटचा उपाय आहे आणि बऱ्याच कॅज्युअल्टीतही तो अजून नीट केला जात नाही. डोळे दाबण्याचा जुना उपाय करू नका, डोळ्याच्या पडद्याला इजा होते. मानेची नस चोळणं हे डॉक्टरांचं काम, घरचं नाही.

हॉस्पिटलमध्ये धडधड थांबवायला अडेनोसिनचं इंजेक्शन देतील. ते आधी ६ मिलिग्रॅम, गरज पडली तर १२, कोपरापाशी मोठ्या शिरेत झटक्यात, आणि मागोमाग सलाईनचा फवारा. औषध शरीरात काही सेकंदच टिकतं. पण त्या सेकंदांत छाती दाबल्यासारखी होते, चेहरा तापतो, जीव जातोय की काय असं वाटतं. हे रुग्णाला आधी सांगायला हवं. दहा-पंधरा सेकंदांत सगळं निवळतं, हे माहीत असलेला माणूस ते सोसतो. माहीत नसलेला पुन्हा कधी त्या दाराशी जात नाही. तुम्हाला दमा असेल तर इंजेक्शनआधी सांगा. आणि आग्रह धरा की औषध जात असताना ईसीजीचा कागद चालू ठेवा. धडधड कशी तुटते, ते निदानाला फार उपयोगी पडतं.

आता होल्टरबद्दल, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्राबद्दल. तुम्हाला चोवीस तासांचा होल्टर सुचवला गेला असेल तर माझं मत आहे की पैसे वाचवा. महिन्यातून एकदा येणारी धडधड नेमकी त्याच दिवशी येण्याची शक्यता किती? होल्टर रोज किंवा दिवसाआड त्रास होणाऱ्यांसाठी आहे. आठवड्यातून एकदा होत असेल तर छातीवर चिकटवायचा सात ते चौदा दिवसांचा पॅच बरा. तुमच्यासारख्या अधूनमधूनच्या त्रासात ज्यात ईसीजीची सोय आहे असं घड्याळ किंवा मोबाइलला जोडणारं छोटं यंत्र जास्त कामाचं: धडधड चालू असताना बोट ठेवून ३० सेकंदांची नोंद घ्यायची आणि ती फाइल जपून ठेवायची. ती एकाच लीडची असते, बारा लीडची बरोबरी नाही करत, पण काहीच नसण्यापेक्षा शतपटीने बरी. नुसता ठोक्यांचा आकडा दाखवणारं घड्याळ वेग सांगतं, ठोक्यांचा आकार सांगत नाही. त्वचेखाली बसवायचा, काही वर्षं चालणारा लूप रेकॉर्डरही असतो. तो क्वचित पण शुद्ध हरपून पडणाऱ्यांसाठी, तुम्हाला आत्ता नको.

सोबत हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्या. थायरॉइड झालंच आहे. हिमोग्लोबिनवर माझा जोर आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याने एसव्हीटी होत नाही, पण एरवीचेही ठोके वाढलेले राहतात आणि चित्र गढूळ होतं. तसंच सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप, डेरिफायलिन ही दम्याची गोळी, बारीक होण्यासाठी कुणी दिलेलं थायरॉक्सिन, आणि मिश्री यांनीही ठोके वाढतात. मिश्रीचं मुद्दाम लिहितो, कारण ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की बायका नाही म्हणतात, आणि मिश्री लावता का म्हटलं की हो. निकोटीन तेच.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. धडधडीच्या तक्रारींमध्ये एक मोठा गट ‘ठोका चुकला’ म्हणणाऱ्यांचा असतो. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की जास्त जाणवतं. हे एक्टोपिक, म्हणजे वेळेआधी पडलेले ठोके. त्यानंतर छोटी उसंत येते आणि पुढचा ठोका जोरात लागतो. दिवसाला हृदय एक लाखाच्या आसपास ठोके देतं, त्यात असे काही शे असले आणि इको नॉर्मल असला तर निर्धास्त राहा. होल्टरमध्ये त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठपुरावा ठेवा, कारण वर्षानुवर्षं तसं राहिल्यास हृदयाचा स्नायू कमकुवत होऊ शकतो.

आणि ज्यांनी घरी वाट बघायची नाही ते असे: धडधडीबरोबर शुद्ध हरपली, विशेषतः पळताना किंवा कष्ट करताना, छातीत दुखतंय, धाप लागलीय, अंगाला गार घाम आलाय, आधी अटॅक येऊन गेलाय किंवा हृदयाचं पंपिंग कमी आहे, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय. १०८ ला फोन करा. अटॅक येऊन गेलेल्या माणसाची एकसारखी जलद धडधड आणि ईसीजीत रुंद ठोके म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत खालच्या कप्प्यांतला धोकादायक प्रकार, व्हीटी, हेच धरून चालायचं. तिथे एसव्हीटीचं औषध जिवावर बेतू शकतं. म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेली वेरापामिलची गोळी कोणीही घेऊ नये, डेल्टा वेव्ह असलेल्यांनी तर नाहीच.

आता सासूबाई. ‘नाडी कशीही लागते’ हे तुमचं एक वाक्य वाचून मला तुमच्यापेक्षा त्यांची काळजी जास्त वाटली. वय ७०, बीपी, अनियमित नाडी: हे एट्रियल फिब्रिलेशन असण्याची दाट शक्यता आहे, एसव्हीटी नव्हे. यात वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. हा आजार असलेल्यांना लकव्याचा धोका साधारण पाचपट असतो. धडधड जाणवते कमी, त्रास काही जणांना होतही नाही, पण धोका तेवढाच. त्यांचा साधा ईसीजी याच आठवड्यात काढा. नाडी सतत अनियमित असेल तर त्यांच्या बाबतीत वेळ साधायची गरज नाही, एकच पट्टी पुरेल. निदान पक्कं झालं तर वय, बीपी आणि बाकीचे आजार बघून रक्त पातळ ठेवायचं औषध ठरतं. बीपी असलेल्या सत्तरीतल्या बाईला ते बहुधा लागतंच. अ‍ॅस्पिरिन त्याची जागा घेऊ शकत नाही. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ असं सांगणाऱ्या किती घरांत ती नुसती अ‍ॅस्पिरिन निघते!

त्यांचा इकोही हवा, आणि त्यात मायट्रल झडप बघायला सांगा. त्यांना लहानपणी सांधे सुजण्याचा ताप आला होता का, दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायच्या का, हे विचारा. आपल्याकडे त्या पिढीत संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण बरेच आहेत. अशा झडपेबरोबर फिब्रिलेशन असेल तर रक्त पातळ करायची नवी गोळी न देता वॉरफरिन किंवा एसिनोकुमारोल ही जुनी गोळीच द्यावी, असं २०२२ च्या इन्व्हिक्टस या मोठ्या चाचणीतून दिसलं. त्या गोळीला नियमित रक्ततपासणी लागते. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा. घरचं बीपीचं यंत्र अनियमित नाडीत फसवे आकडे देतं, दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या.

परत तुमच्याकडे. एसव्हीटी सिद्ध झाली तर तीन रस्ते आहेत. वर्षातून एक-दोनदाच आणि थोडा वेळ होत असेल तर सिरिंजचा उपाय पुरतो. मधला रस्ता रोजच्या गोळीचा. तिसरा रस्ता ईपी स्टडी आणि अ‍ॅब्लेशन: जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेऊन ती जास्तीची वाट शोधायची आणि उष्णतेने बंद करायची. गाठीतल्या प्रकारात यश ९५ टक्क्यांहून जास्त. धोका आहे तो मूळ वाटेला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा, शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. छाती उघडत नाहीत, एक-दोन दिवसांत घरी. अल्प्राझोलाम रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा.

बाळाच्या प्रश्नामुळे मी तुमच्या बाबतीत तिसऱ्या रस्त्याकडे झुकतो. गरोदरपणात हृदयाचा वेग आणि रक्ताचं प्रमाण दोन्ही वाढतात, आणि आधीपासून असलेली एसव्हीटी तेव्हा जास्त वेळा उठते. उठली तर उपाय आहेत, फुंकण्याचा उपाय चालतो, अडेनोसिनही देता येतं. पण पहिल्या तीन महिन्यांत रोजची गोळी टाळलेली बरी, आणि अ‍ॅब्लेशनला सहसा क्ष-किरण लागतात, ते पोटात बाळ असताना शक्यतो नको. म्हणून बाळाचा विचार चार-सहा महिने पुढे ढकलता आला तर तेवढ्यात हे मार्गी लावा. या काळात धडधडीची पट्टी मिळालीच नाही, तरी थांबू नका. वर्णन इतकं स्पष्ट असताना पट्टीशिवायही ईपी स्टडीचा विचार करता येतो, फक्त तो निर्णय इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टने घ्यायचा, म्हणजे ठोक्यांच्या विकारांचंच काम करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाने. पुण्यात आणि मुंबईत ते आहेत. जाताना मूळ ईसीजी, घड्याळातल्या नोंदींचे स्क्रीनशॉट आणि एका वहीत प्रत्येक वेळची तारीख, काय करत असताना सुरू झालं, किती वेळ चाललं आणि कसं थांबलं, एवढं लिहून न्या.